सीमाभागाचा महासंगणकातला वाटा

पुणे-बंगळूर महामार्गाची दोन टोके हीच भारतातल्या महासंगणनाचीही दोन टोके आहेत. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन हाती घेतले, तेव्हा त्याची अंमलबजावणी पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे, म्हणजे सी-डॅककडे, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे सोपवली. आज पुण्यात सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ आहे, पाषाणला आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ आहे, उष्णदेशीय हवामान संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, हवामानाच्या अंदाजासाठी आधी ‘प्रत्युष’ आला आणि मागून ‘अर्का’. बंगळूरला विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’, जवाहरलाल नेहरू केंद्रात ‘परम युक्ती’ आणि सी-डॅकच्या तिथल्या केंद्रात ‘परम उत्कर्ष’ आहे. याच रस्त्यावर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातली निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव आहेत. बेळगावजवळ मच्छे इथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे, म्हणजे व्हीटीयूचे मुख्यालय आहे आणि कर्नाटकभरातली दोनशेहून अधिक महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. गोगटे, केएलई, मराठा मंडळ, जैन अशी अभियांत्रिकी महाविद्यालये, टिळकवाडीत आरपीडी आणि जीएसएस, निपाणीत बागेवाडी कॉलेज, असा हा शिक्षणाने गजबजलेला पट्टा आहे. तरी इथला बहुतेक विद्यार्थी महासंगणकावर एकही प्रोग्रॅम न चालवता पदवी घेऊन बाहेर पडतो. याचे कारण विचारले की चटकन उत्तर येते, ‘आपल्याकडे तसले यंत्र कुठे आहे?’ हे उत्तर चुकीचे आहे. यंत्रे देशात पुरेशी नसतील, पण आहेत. त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट मात्र कुणी आखून दिलेली नाही. बेळगावने स्वतःचा महासंगणक मागण्याऐवजी ही वाट मागावी, असे मला वाटते.

आधी महासंगणक म्हणजे काय ते पाहू, कारण नावामुळे उगाच दबकायला होते. एकच प्रचंड हुशार संगणक असा त्याचा अर्थ नाही. शेकडो, कधी हजारो संगणक एका दालनात ओळीने बसवलेले असतात. त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडमध्ये कित्येक कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग, असतात. हे नोड अतिशय वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे मोठे गणित तुकडे करून वाटून देता येते आणि मधली उत्तरे एकमेकांना कळवत सारे नोड मिळून ते सोडवतात. ‘परम प्रवेग’ची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज आकडेमोडी. वापरणारा माणूस त्या दालनात पाऊलही टाकत नाही. तो आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकावरून लॉगिन करतो, प्रोग्रॅम आणि माहितीची फाइल पाठवतो, किती नोड किती तास हवेत ते लिहितो आणि रांगेत नंबर लावतो. नंबर आला की काम चालते आणि उत्तराची फाइल तयार होते. लॉगिनची ही देवाणघेवाण निव्वळ अक्षरांची असते, तिला व्हिडिओ कॉलइतकेही इंटरनेट लागत नाही. म्हणून पुण्यातला प्राध्यापक आणि निपाणीतला प्राध्यापक यांच्यात यंत्राच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक असतो तो खाते कुणाच्या नावावर आहे, याचा.

सीमाभागातल्या वाचकाला हे साखर कारखान्यावरून लगेच कळेल. चिकोडी-निपाणी भागातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाच्या मालकीचा कारखाना नसतो. त्याच्याकडे असतो शेअर, उसाची नोंद आणि तोडणी कार्यक्रमात एक नंबर. गावात चिटबॉय येतो, नोंद घेतो, कुणाची तोड कधी हे त्याला ठाऊक असते. कारखाना पन्नास किलोमीटरवर असला तरी दोन एकरवाल्याचा ऊस गाळपाला जातो, तो या व्यवस्थेमुळे. महासंगणकाच्या बाबतीत कारखाना उभा आहे, गाळपही जोरात आहे, पण आपल्या भागात नोंदच होत नाही आणि नोंद घ्यायला येणारा माणूसही नाही.

खरे तर भारतीय महासंगणकाचा जन्मच अशा दाराबाहेर उभे राहण्यातून झाला. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. विज्ञान संस्थेसाठी हवे होते ते सामर्थ्यवान यंत्र अमेरिकेने दिले नाही. हवामानाच्या अंदाजासाठी म्हणून त्याहून लहान यंत्र दिल्लीला दिले, तेही अटी घालून. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख झाले. एक महाग यंत्र बांधण्याऐवजी लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडण्याचा मार्ग त्यांच्या चमूने घेतला आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे एक अब्ज आकडेमोडी होती; आजचा खिशातला मोबाइल त्याला सहज मागे टाकतो. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण दुसऱ्याने दार लावले म्हणून जे घर आपण बांधले, त्याचे दार आपल्याच महाविद्यालयांसाठी किती उघडे आहे, हा प्रश्न त्या अभिमानात झाकून जातो.

आकडे पाहिले की तो उघडा पडतो. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने दिलेल्या माहितीनुसार मिशनखाली ३४ महासंगणक बसले होते, त्यांची एकत्रित क्षमता ३५ पेटाफ्लॉप होती आणि २०० हून अधिक संस्थांमधल्या १०,००० हून अधिक संशोधकांना त्यांचा उपयोग झाला होता. काम कमी नाही. पण उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आणि ११०० हून अधिक विद्यापीठे आहेत. म्हणजे हजार संस्थांमागे चार-पाच. त्या चार-पाचांत आयआयटी, आयसर, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि मोठी विद्यापीठे आधीच जागा धरून असणार, हे सांगायला वेगळी पाहणी नको. यजमान संस्थेबाहेरच्या संशोधकालाही या यंत्रांवर वेळ मागता येतो. पण त्यासाठी अर्ज कुठे करायचा, प्रस्तावात काय लिहायचे, आपल्या गणिताला किती कोअर-तास लागतील याचा अंदाज कसा बांधायचा, हे आधी कुणीतरी शिकवलेले असावे लागते. ज्याने कधी वापरलेच नाही त्याला हा अंदाज येत नाही, आणि अंदाज नाही म्हणून वापरायला मिळत नाही.

यावर एक रोखठोक प्रश्न येतो, ‘बेळगाव-निपाणीला एवढ्या गणिताची गरज तरी काय?’ उत्तर द्यायला पावसाळ्यापासून सुरुवात करावी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णी इथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. वेदगंगेवरचे पाटगाव आणि ती जिला मिळते त्या दूधगंगेवरचे काळम्मावाडी ही धरणे महाराष्ट्रात आहेत. खाली बुडणारी शेती आणि गावे पुष्कळशी कर्नाटकात. दूधगंगा चिकोडी तालुक्यात कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे अलमट्टीच्या जलाशयात जाते. त्या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा वाद दर पावसाळ्यात पेटतो. सांगली-कोल्हापूरकडे फुगवट्याचे बोट अलमट्टीकडे जाते, कर्नाटकातून ते वरच्या धरणांच्या विसर्गाकडे वळते. हा वाद सभेत, वर्तमानपत्रात आणि न्यायालयात चालतो, पण मुळात तो गणिताचा प्रश्न आहे: एवढा पाऊस, एवढा विसर्ग आणि पुढे अमुक पातळीचे पाणी असताना कुठल्या गावात किती तासांनी किती फूट पाणी चढेल? उथळ पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे सेंट-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ मध्येच मांडली. अडचण समीकरणांची नाही, ती सोडवण्याची आहे. जमिनीचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची उंची घ्यायची आणि दर काही क्षणांनी पाणी शेजारच्या चौकोनात किती गेले ते मोजत राहायचे.

हा हिशेब थोडा मांडून पाहण्यासारखा आहे. १०० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद असा नदीखोऱ्याचा पट्टा घ्या. इस्रोच्या ‘भुवन’वर सुमारे ३० मीटरचा उंचीचा नकाशा मोफत मिळतो, त्यावर या पट्ट्याचे साधारण ५५ लाख चौकोन पडतात. पण ३० मीटरच्या चौकोनात नदीकाठचा बांध, महामार्गाचा भराव, पुलाची मोरी हे सारे सपाट होऊन जाते, आणि पूर कुठे तुंबतो ते नेमके यांच्यावरच ठरते. म्हणून चौकोन १० मीटरचा केला, तर चौकोन नऊपट होतात, शिवाय काळाची पावलेही तिप्पट बारीक टाकावी लागतात. काम २७ पट वाढते. समजा, चांगल्या डेस्कटॉपवर आधीचे गणित दहा तासांत होत होते, तर आता त्याला अकरा दिवस लागतील आणि तोवर पूर ओसरून पंचनामेही सुरू झालेले असतील. महासंगणक लागतो तो इथे. हे हवेतले बोलणे नाही. मिशनच्याच एका प्रकल्पात सी-डॅकने ओडिशातल्या महानदीच्या खोऱ्यासाठी ‘अनुगा’ या मुक्त सॉफ्टवेअरवर पुराचे असे प्रारूप तयार केले आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, यंत्र देशात आहे, पद्धत एका नदीवर आजमावलेली आहे. वेदगंगा-दूधगंगेसाठी ते चालवायला बेळगावच्या सिव्हिलच्या एम.टेक. विद्यार्थ्याला एक वर्ष, एक मार्गदर्शक आणि काही हजार कोअर-तास मिळाले, तर दोन्ही राज्यांच्या सरकारी अहवालांपलीकडे लोकांच्या हाती तिसरे, तपासून पाहता येण्याजोगे उत्तर येईल. ते कुणाला सोयीचे असेल, हे आधी सांगता येणार नाही, आणि त्याची किंमत त्यातच आहे.

पावसाचे तसेच. पश्चिमेला मलप्रभेच्या उगमाशी कणकुंबीला धो-धो कोसळणारा पाऊस बेळगाव शहरापर्यंत येता येता बराच ओसरतो आणि अथणीकडे तर टंचाईच. एका जिल्ह्यात एवढा उतार असताना मोठ्या चौकोनांवर काढलेला अंदाज कुणाच्याच कामी येत नाही. आयआयटीएमने मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली, तेव्हा १२ किलोमीटरचा चौकोन ६ किलोमीटरवर आला. घाटमाथ्यासाठी हेही जाडेभरडेच आहे. त्याहून बारीक अभ्यास स्थानिक पर्जन्यमापकांच्या नोंदी हाताशी असलेल्या स्थानिक माणसांनी केला, तर तो अधिक नेमका होईल.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांची गरज आणखी रोकडी आहे. बेळगाव आणि कोल्हापूर ही ओतकामाची जोडशहरे आहेत. कास्टिंग थंड होताना कुठला भाग शेवटी घट्ट होतो, तिथे आत पोकळी राहते का, आकसताना धातू पुरवणारा रायझर कुठे आणि केवढा ठेवायचा, हे पूर्वी अनुभवावर आणि चार-सहा खराब कास्टिंगांवर ठरे. आता ते संगणकावर आधी पाहता येते. पण त्याची सॉफ्टवेअरे आणि यंत्रे लहान कारखानदाराला परवडत नाहीत. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने, संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्क या जाळ्याच्या निधीतून, ‘ई-फाउंड्री’ हा उपक्रम उभा केला होता. त्यात सुट्या भागाचे संगणकीय चित्र इंटरनेटवरून पाठवायचे आणि घट्ट होण्याचे गणित करून मिळवायचे, तेही मोफत. दूरच्या यंत्राचा उपयोग कारखान्याच्या दारापर्यंत कसा पोचवावा, याचा नमुना म्हणून मी हे उदाहरण महासंगणकांच्या उद्घाटनांपेक्षा वर ठेवतो. बेळगावच्या मेकॅनिकल विभागांना असे काम शेजारच्या फाउंड्रीबरोबर करता आले, तर विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला बांधणीखेरीज दुसराही काही उपयोग राहील.

औषधी वनस्पतींचा अभ्यास हे बेळगावचे आणखी एक बलस्थान. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था इथे आहे, केएलईचे फार्मसी महाविद्यालय आहे, आणि वनस्पतीतले रेणू शरीरातल्या प्रथिनांना कसे चिकटतात याचे संगणकीय अभ्यास या शहरातून प्रसिद्ध झालेले आहेत. रेणू चिकटतो की नाही, हे लॅपटॉपवर पाहता येते. पण तो चिकटून राहतो का, हे पाहायला हालचालीचे गणित करावे लागते. शंभर नॅनोसेकंदांची हालचाल, दोन फेम्टोसेकंदांचे एक पाऊल, म्हणजे पाच कोटी पावले, आणि प्रत्येक पावलाला हजारो अणूंमधली ओढाताण मोजायची. चांगल्या नियतकालिकांचे परीक्षक हल्ली हेच मागतात. उसाच्या जनुकसंचाचीही गोष्ट अशीच. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे, उसाच्यात त्याच्या जवळजवळ तिप्पट आणि प्रत्येक गुणसूत्राच्या कित्येक प्रती. म्हणून २०२४ पर्यंत त्याची नीट जुळणी प्रसिद्ध झालेली नव्हती. साखरेवर उभ्या असलेल्या जिल्ह्यात या माहितीशी खेळू शकणारे एम.एस्सी. असू नयेत, ही काही भूषणावह गोष्ट नाही.

इथवर संशोधनाचे झाले. माझा अधिक भर मात्र शिकवण्यावर आहे, आणि धोरणे नेमकी तिथेच गप्प असतात. व्हीटीयूच्या २०२२ च्या योजनेत संगणक शाखेला पॅरलल कॉम्प्युटिंग हा विषय आहे, त्यात ओपनएमपी आणि एमपीआय या समांतर प्रोग्रॅमिंगच्या साधनांची प्रात्यक्षिके आहेत. प्रयोगशाळेतल्या चार-आठ कोअरच्या संगणकावर ती होतातही. पण जीन अॅमडाल याने १९६७ मध्ये सांगितलेली गोष्ट तिथे अनुभवाला येत नाही: कामातला दहा टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर तुम्ही हजार प्रोसेसर लावले तरी वेग दहापटीच्या वर जात नाही. चार कोअरवर प्रोग्रॅम छान पळतो, विद्यार्थ्याला वाटते जमले. चारशे कोअरवर तोच अडखळतो, कारण नोड एकमेकांची वाट पाहण्यातच वेळ घालवतात. हे अडखळणे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी आणि फक्त सूत्र पाठ केलेला विद्यार्थी यांत फार अंतर पडते. त्यासाठी वर्षातून दोन-तीन वेळा, तासभर, मोठ्या यंत्राचा एक कोपरा मिळाला तरी पुरे.

आता आक्षेप. पहिला असा, की मोफत आणि स्वस्त क्लाउड असताना महासंगणक हवा कशाला? गुगलचे कोलॅब आहे, शिवाय २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनमधून जीपीयू तासाला साधारण ६५ रुपयांत मिळू लागले आहेत. हा आक्षेप अर्धा खरा आहे. एआय शिकवायला हा रस्ता चांगला आहे आणि महाविद्यालयांनी तो जरूर धरावा. पण पूर, पाऊस, ओतकाम यांची गणिते अनेक नोड एकत्र चालवून करावी लागतात, तिथे फुकटचे कोलॅब कामाचे नाही; ते मध्येच तुटते आणि त्याचे नियम परदेशातली कंपनी ठरवते. आणि ६५ रुपये स्वस्त कुणाला? ६० जणांचा वर्ग, आठवड्याला दोन तास, १५ आठवडे, म्हणजे १,८०० तास आणि १,१७,००० रुपये, एका विषयाचे. विद्यापीठाला ही रक्कम किरकोळ आहे. शिकवण्याचा निम्मा भार अतिथी प्राध्यापकांवर टाकून चालणाऱ्या पदवी महाविद्यालयाला ती झेपणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मिशनची यंत्रे ८५ टक्क्यांहून अधिक वेळ व्यग्र असतात, काही तर ९५ टक्क्यांच्याही वर. मग पीएच.डी.वाल्यांची रांग अडवून बी.एस्सी.च्या पोरांना का घुसवायचे? याचे उत्तर रांग कशी चालते त्यात आहे. दोनशे नोड मागणारे मोठे काम पुरेसे नोड मोकळे होईपर्यंत थांबून राहते, आणि तोवर जे थोडे नोड रिकामे पडलेले असतात त्यांत लहान, थोड्या वेळाची कामे उरकून घेण्याची सोय रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच असते. त्याने मोठ्या कामाचा नंबर मागे जात नाही. वर्गातली प्रात्यक्षिके अशीच असतात: पाच-दहा मिनिटांची, थोड्या कोअरची. क्षमतेचा एखादा टक्का शिकवण्यासाठी राखला, तरी देशभरातल्या कितीतरी वर्गांचे भागेल. खाती दुसऱ्याला वापरायला देणे, गुपचूप आभासी चलन खणणे असे गैरप्रकार होतील, हेही खरे. ते मोठ्या संस्थांतही होतात, आणि खाते बंद करणे हा त्यावरचा उपाय जुनाच आहे.

‘मग बेळगावलाच एक यंत्र द्या’ ही मागणी ऐकायला गोड लागते आणि निवडणुकीच्या भाषणात तर फारच. मी तिच्या विरोधात आहे. महासंगणक विकत घेणे हा त्यावरचा पहिला खर्च असतो. वीज, गारवा, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसे हा कायमचा. पाच-सहा वर्षांत यंत्र जुने होते. ज्या विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, तिथे असे यंत्र उद्घाटनाच्या फोटोनंतर कुलूपबंद व्हायला वेळ लागत नाही. सरावासाठी मोठ्या यंत्राची गरजही नाही. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी जोडून ‘बेओवुल्फ’ हा समूह उभा केला, आणि आजच्या महासंगणकांची बांधणी त्याच वळणाची आहे. प्रयोगशाळेतले बाद ठरवलेले आठ-दहा संगणक, एक स्विच आणि लिनक्स एवढ्यावर कुठल्याही महाविद्यालयात असा समूह उभा राहतो. तिथे चुका करायच्या आणि मग पुण्याच्या यंत्रावर जायचे.

खरी उणीव माणसाची आहे, आणि अमेरिकेचा अनुभव याबाबत उपयोगी पडतो. १९८० च्या दशकारंभी तिथल्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांचीही अशीच कोंडी झाली होती. लॅरी स्मार या खगोलशास्त्रज्ञाला अमेरिकेत बनलेला क्रे वापरण्यासाठी जर्मनीत म्युनिकला जावे लागे. १९८२ मध्ये गणितज्ञ पीटर लॅक्स यांच्या समितीने विद्यापीठांना महासंगणक खुले करण्याची शिफारस केली, १९८५ पासून राष्ट्रीय केंद्रे उभी राहिली आणि त्यांतले इलिनॉयचे केंद्र स्मार यांनीच चालवले. त्या केंद्रात अर्धवेळ काम करणारा मार्क अँड्रीसन नावाचा पदवीचा विद्यार्थी आणि तिथला सहकारी एरिक बीना यांनी १९९३ मध्ये ‘मोझेइक’ हा ब्राउझर तयार केला आणि इंटरनेट घराघरांत शिरले. लॅक्स समितीच्या अहवालात असल्या फळाचा मागमूसही नव्हता. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २००८ ची एक साधी योजना: दूरच्या महाविद्यालयांत ‘कॅम्पस चॅम्पियन’ नेमायचे, म्हणजे तिथल्याच एका प्राध्यापकाला वा तंत्रज्ञाला यंत्र वापरायला शिकवायचे आणि त्याने बाकीच्यांना अर्ज लिहून देण्यापासून पहिला प्रोग्रॅम चालवण्यापर्यंत हात द्यायचा. सध्या ‘अॅक्सेस’ नावाच्या तिथल्या व्यवस्थेत लहान वाट्यासाठी जेमतेम पानभर मजकूर लिहिला तरी वेळ मिळतो, तोही फुकट. आपल्याकडे शोधनिबंध वाचण्यासाठी सरकारने ‘एक देश एक सदस्यता’ आणली, ६,००० कोटी रुपये ठेवले आणि १ जानेवारी २०२५ पासून हजारो संस्थांना नियतकालिके खुली केली. आता त्यांतल्या एखाद्या संस्थेतला प्राध्यापक जगातला ताजा निबंध वाचू शकेल. त्यातले गणित स्वतः करून पाहायचे म्हटले की मात्र हात टेकावे लागतात.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. निपाणीतल्या बागेवाडी कॉलेजचे विद्यापीठ राणी चन्नम्मा. तिथून हाकेच्या अंतरावर, पण कागल तालुक्यात असल्याने महाराष्ट्रात असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाचे. निपाणीची मुले दोन्हीकडे शिकतात. बेळगावात अभियांत्रिकीची काही महाविद्यालये व्हीटीयूकडे, केएलई तंत्रज्ञान विद्यापीठाचे आवार वेगळे, वैद्यक-फार्मसीचे अभिमत विद्यापीठ वेगळे. सोय विद्यापीठामार्फतच द्यायची ठरवली, तर एका गावातल्या मुलांना चार दारे ठोठावावी लागतील आणि त्यातली दोन-तीन बंदच निघतील. सुदैवाने मिशन केंद्राचे आहे आणि २०१० मध्ये मंजूर झालेले नॅशनल नॉलेज नेटवर्कही केंद्राचे. त्यांना राज्याची सीमा आड येत नाही. म्हणून वाटा विद्यापीठाच्या नावाने न देता शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या नावाने, त्याच्या विषयासाठी द्यावा. भाषेचे कारणही पुढे करू नये. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लिनक्स, सी, पायथन हे विषय मराठी आणि कन्नड अशा भाषांतून शिकवते, आणि आदेश टाइप करायचे तर ते दोन्ही भाषांच्या मुलांना सारखेच परके आहेत.

मागणी अशी लहान आणि नेमकी असावी. सी-डॅक आणि मिशनने पदवीच्या वर्गांसाठी वेगळी रांग आणि दोन पानी अर्ज ठेवावा. व्हीटीयू आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाने मिळून बेळगावात दोन पूर्णवेळ माणसे नेमावीत, ज्यांचे काम एवढेच, की जिल्ह्यातल्या आणि सीमेपलीकडच्या जवळच्या महाविद्यालयांना खाते, अर्ज आणि पहिला प्रोग्रॅम यांत मदत करायची. त्यांचे प्रशिक्षण फार लांब शोधायला नको: मिशनच्या चार प्रशिक्षण केंद्रांपैकी एक आयआयटी गोव्यात आहे, चोर्ला घाट उतरून फर्मागुडीला, आणि खास शिकवण्यासाठीचा ‘परम विद्या’ तिथे आहे. प्राध्यापकांनीही या सगळ्याची वाट पाहत बसू नये. येत्या सत्रात एका विभागाने, एका विषयासाठी, गोव्याच्या केंद्राला पत्र लिहून प्रशिक्षणाच्या दोन जागा आणि वर्गासाठी काही तास मागावेत. नकार आला तर तो लेखी घ्यावा आणि व्हीटीयूच्या कुलगुरूंपुढे ठेवावा.